धारेचा बाजार

घरात हौसेनं लेथ घेणारा माणूस मशीनच्या खरेदीत सहसा फसत नाही. ती खरेदी मोठी असते, म्हणून तो सावध असतो. दहा ठिकाणी चौकशी करतो, बेडवरचे ओरखडे बोटानं चाचपतो, हेडस्टॉकचा आवाज कान देऊन ऐकतो, ओळखीतल्या एखाद्या जुन्या टर्नरला सोबत नेतो. पैसे वाया जातात ते पुढच्या दोन-चार महिन्यांत. मशीन टेबलावर बसलेलं असतं, हात शिवशिवत असतात, आणि टूल बिट, होल्डर, बोरिंग बार, ड्रिल चक, सेंटर ही यादी संपता संपत नाही. मशीनच्या किमतीपुढे प्रत्येक वस्तू किरकोळ वाटते. हिशेब मांडायला बसलं की टूल्सचा खर्च मशीनच्या जवळ येऊन ठेपलेला असतो आणि खोक्यातली निम्मी टूल्स एकदाच लावून बाजूला पडलेली असतात.

याचं खापर खरेदीदाराच्या नवखेपणावर फोडणं सोपं आहे. पण आपला टूल्सचा बाजारच मुळात कारखान्यासाठी मांडलेला आहे. ब्रिटनमध्ये घरच्या शेडमध्ये लेथ चालवण्याची परंपरा जुनी. ‘मॉडेल इंजिनिअर’ हे हौशी कारागिरांचं नियतकालिक तिथे १८९८ मध्ये सुरू झालं आणि दुसरं महायुद्ध संपताच, १९४६ मध्ये, मायफर्डचा एमएल-७ हा लेथ बाजारात आला. पुढच्या पिढ्यांनी वाफेच्या इंजिनांची असंख्य मॉडेल्स त्यावर घडवली. लेथच्या आकाराला साजेशी लहान टूल्स विकणारी दुकानंही त्या हौसेच्या सोबतीनं उभी राहिली.

आपल्याकडे लेथ आला तो उद्योग म्हणून. १९४१ मध्ये हरिहरला उभा राहिलेला म्हैसूर किर्लोस्करचा कारखाना, १९५३ ची बंगळूरची एचएमटी, आयटीआयचा टर्नर ट्रेड, भोसरीच्या आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या जॉबवर्कच्या शेड या वाटेनं तो महाराष्ट्राच्या ओळखीचा झाला. खंडेनवमीला झेंडूचा हार पडतो तो शेडमधल्या लेथला. घरच्या बाल्कनीतला किंवा पार्किंगच्या कोपऱ्यातला लेथ ही त्या मानानं अलीकडची गोष्ट. दुर्बिणीचं माउंट स्वतः करू पाहणारे, जुन्या मोटरसायकलींचे सुटे भाग घडवणारे, निवृत्तीनंतर वाफेच्या इंजिनाचं मॉडेल हाती घेणारे असे हे नवे गिऱ्हाईक. त्यांच्यासाठी वेगळं दुकान नाही. कारखान्यासाठी भरलेल्या फळ्यांवरूनच त्यांना आपल्या कामाचं उचलावं लागतं.

इथे घोळ होतो. कारखान्याला धार मिनिटांच्या हिशेबात हवी असते. एका धारेवर किती नग निघाले, एका नगाला किती सेकंद गेले, यावर तिची किंमत ठरते. हौशी माणसाला एक पितळी बुश, एखादी अ‍ॅल्युमिनियमची कडी, एक शाफ्ट करायचा असतो. त्याच्या जवळ वेळ भरपूर असतो आणि मोटर लहान. त्यामुळे कारखान्यात अव्वल ठरलेलं टूल त्याच्या मशीनवर नापास होऊ शकतं, आणि कारखान्यानं कधीच मागे टाकलेलं टूल त्याच्या हातात सोनं ठरू शकतं.

मशीन आणि टूल यांची जोडी

एकोणिसाव्या शतकात लेथवर कार्बन स्टीलची टूल्स चालत. अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापली की ती मऊ पडत, म्हणून काम सावकाश चाले. रॉबर्ट मुशेट यांनी १८६८ च्या सुमारास टंगस्टन मिसळलेलं पोलाद आणलं. त्यानंतर अमेरिकेतल्या बेथलहेम स्टीलमध्ये फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट या दोघांनी हाय स्पीड स्टील, म्हणजे आपल्या बोलीतलं एचएसएस, सिद्ध केलं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांचं टूल लालबुंद होऊनही कापत राहिलं, तेव्हा बघणारे अवाक झाले. त्या काळचे लेथ मात्र या टूलला पुरे पडेनात. टूल जितकं कापू शकत होतं तेवढा जोर मशीनकडे नव्हता, म्हणून जड बेडचे, मोठ्या ताकदीचे लेथ बांधावे लागले. जर्मनीच्या क्रुपनं १९२६-२७ मध्ये टंगस्टन कार्बाइड ‘विडिया’ या नावानं बाजारात आणलं, तेव्हा हीच गोष्ट पुन्हा घडली. आजही आपल्या वर्कशॉपमध्ये कार्बाइडची टिप ब्रेझिंगनं बसवलेल्या टूलला सर्रास ‘विडिया टूल’ म्हणतात, मग ते कुठल्याही कंपनीचं असो.

टेबलावर मावणारा आजचा लेथ ताकदीच्या बाबतीत या इतिहासात बराच मागे उभा आहे. वीस मिलिमीटर व्यासाचा माइल्ड स्टीलचा बार घ्या. एचएसएस टूलसाठी मिनिटाला तीस मीटर हा कापण्याचा वेग ठीक मानतात. त्यासाठी बार मिनिटाला सुमारे ४७५ फेरे फिरला पाहिजे. कार्बाइडला मिनिटाला १२० मीटर द्यायचे म्हटले तर १९०० फेरे लागतात. एक मिलिमीटर खोल कट आणि दर फेऱ्याला ०.१ मिलिमीटर फीड धरली, तर पहिल्या कामाला अंदाजे सव्वाशे वॅट पुरतात. दुसऱ्याला पाचशेच्या घरात जातात. लहान लेथची मोटर बहुधा तेवढीच असते, आणि पट्टा, गिअर, बेअरिंग यांत त्यातलं काही मुरतं. मग मोटर गुदमरते, माणूस घाबरून वेग कमी करतो, कट उथळ करतो. कार्बाइडला हे दोन्ही मानवत नाही. कमी वेगात धातूचे कण धारेला चिकटतात, पृष्ठभाग फाटल्यासारखा दिसतो, आणि थरथर सुरू झाली की ठिसूळ धारेचे टवके उडतात. दोष टूलच्या नावावर जातो, खरं तर जोडी चुकलेली असते.

आधी एचएसएस

म्हणून नवख्यानं पहिले पैसे एचएसएसच्या चौकोनी टूल बिटवर घालावेत. ते स्वस्त असतं, कमी वेगात खूश असतं, धक्का सोसतं, आणि बोथट झालं तर ग्राइंडरवर पाच मिनिटांत पुन्हा धार धरतं. दुकानात मापं अजून इंचांतही चालतात. पाव इंच म्हणजे दोन सूत, त्यावर तीन सूत, मग अर्धा इंच. लहान लेथला दोन किंवा तीन सूत पुरे. अर्ध्या इंचाचं बिट लहान टूल पोस्टमध्ये मावतं, पण त्याची धार बहुधा सेंटरच्या वर जाते आणि खाली काहीच करता येत नाही.

ग्रेड विचारून घ्यावा. टी-१ म्हणजे जुनं १८ टक्के टंगस्टनचं पोलाद. एम-२ मध्ये साधारण सहा टक्के टंगस्टन, पाच टक्के मॉलिब्डेनम. रोजच्या कामाला ते उत्तम. एम-३५ मध्ये पाच टक्के आणि एम-४२ मध्ये आठ टक्के कोबाल्ट असतं. ही दोन उष्णता जास्त सोसतात, स्टेनलेसवर उपयोगी पडतात आणि किमतीतही चढी असतात. सुरुवातीला चार-पाच एम-२ बिटं आणि एखादं कोबाल्टचं एवढं घेतलं की झालं. मिरांडा, अ‍ॅडिसन ही भारतीय नावं टर्नरच्या तोंडी पिढ्यान् पिढ्या आहेत. अशा बिटावर कंपनीचं नाव आणि ग्रेड स्वच्छ कोरलेला असतो, चारही बाजू ग्राइंड केलेल्या असतात, कोपरे काटकोनात असतात. नाव नसलेलं, रंग मारलेलं, कोपरे गोल झालेलं बिट स्वस्तात मिळालं तरी सोडून द्यावं.

संशय आलाच तर दोन परीक्षा आहेत. कानस मारून पाहिली की एचएसएसवरून ती काचेवरून घसरावी तशी घसरते, कारण त्याची कठीणता रॉकवेल मापावर ६३ ते ६५ च्या आसपास असते. पण कडक केलेल्या साध्या पोलादावरूनही कानस घसरते, तेव्हा दुसरी परीक्षा ग्राइंडरची. साध्या कार्बन स्टीलच्या ठिणग्या पांढऱ्या-पिवळ्या, लांब आणि फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या असतात. एचएसएसच्या ठिणग्या आखूड, मंद तांबूस-नारिंगी असतात आणि फारशा फुटत नाहीत. जुन्या बाजारातल्या ढिगातून बिटं निवडणाऱ्याला ही परीक्षा यायलाच हवी.

बिटाबरोबर ग्राइंडर आलाच. तो वेगळा खर्च वाटतो, पण खरं शिक्षण इथेच होतं. माइल्ड स्टीलसाठी वरच्या बाजूला बारा-पंधरा अंशांचा उतार, बाजूला आणि समोर आठ-दहा अंशांची मोकळीक. अ‍ॅल्युमिनियमला उतार जास्त लागतो. पितळेला वरचा उतार शून्य ठेवावा, नाहीतर टूल कामात ओढलं जातं. एकदा स्वतः धार लावली की हे आकडे पाठ करावे लागत नाहीत. चिप कशी निघते, आवाज कसा येतो, पृष्ठभाग कसा दिसतो, यावरून हातच सांगतो. त्यानंतर दुकानातलं तयार टूल बघताना नजर आपोआप धारेकडे जाते, रंगाकडे आणि खोक्याकडे जात नाही. एचएसएससाठी साधं अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचं चाक चालतं. कार्बाइडसाठी हिरवं सिलिकॉन कार्बाइडचं किंवा डायमंडचं चाक लागतं, आणि त्या धुळीतलं कोबाल्ट फुप्फुसाला घातक असल्यामुळे मास्कही लागतो.

खोक्यावरची अक्षरं

कार्बाइड वाईट असं यातून कुणी काढू नये. कडक पोलाद, ओतीव लोखंडावरची वाळूची कातडी, एकसारखे बरेच नग अशा ठिकाणी ते हवंच. फक्त घेताना खोक्यावरची अक्षरं वाचता आली पाहिजेत. सीसीएमटी ०९टी३०४ ही ओळ उदाहरणादाखल घ्या. पहिला सी म्हणजे ८० अंशांचा समभुज चौकोन. दुसरा सी म्हणजे धारेखाली सात अंशांची मोकळीक. एम ही मापाच्या अचूकतेची श्रेणी. टी म्हणजे मध्ये स्क्रूचं भोक आणि वर चिप मोडणारी खोबण. ०९ ही बाजूची लांबी, टी३ म्हणजे ३.९७ मिलिमीटर जाडी, आणि ०४ म्हणजे टोकाची गोलाई ०.४ मिलिमीटर. होल्डरवरही अशीच लिपी असते. एससीएलसीआर १२१२ म्हणजे हाच इन्सर्ट स्क्रूनं धरणारा, उजव्या हाताचा, बारा मिलिमीटर चौरस दांड्याचा होल्डर.

दुसऱ्या जागी एन असलेले, म्हणजे शून्य मोकळिकीचे टीएनएमजीसारखे इन्सर्ट कारखान्यात फार चालतात. टीएनएमजीला दोन्ही बाजू मिळून सहा धारा असतात, म्हणून हिशेबात ते स्वस्त पडतात. पण ते धातू कापण्याइतकाच दाबतात, आणि त्या दाबाला जड मशीन लागतं. लहान लेथवर सीसीएमटी, डीसीएमटी असे मोकळिकीचेच घ्यावेत.

टोकाच्या गोलाईत नवखा हमखास फसतो. गोलाई मोठी तेवढा पृष्ठभाग गुळगुळीत, हे गणितात बरोबर आहे. पण मोठी गोलाई काम बाजूला ढकलते, आणि बारीक बार वाकून थरथरतो. कटची खोली गोलाईपेक्षा कमी झाली तर टूल कापण्याऐवजी घासू लागतं. म्हणून ०.८ सोडून ०.४ किंवा ०.२ घ्यावं. आणखी एक खुबी हौशी टर्नरांच्यात चांगलीच मुरली आहे. सीसीजीटी या नावानं अ‍ॅल्युमिनियमसाठी विकले जाणारे घासून धार काढलेले, चकचकीत इन्सर्ट लहान लेथवर माइल्ड स्टीलवरही हलका शेवटचा कट सुरेख घेतात. कारखान्याला त्यांची धार नाजूक वाटते, ती टिकत नाही म्हणून. आपल्याला दिवसाला दोनशे नग काढायचे नसतात.

रंगांकडेही लक्ष ठेवावं. आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार निळा पोलादासाठी, पिवळा स्टेनलेससाठी, लाल ओतीव लोखंडासाठी, हिरवा अ‍ॅल्युमिनियम-पितळेसाठी. नामांकित कंपनीचा इन्सर्ट निम्म्याहून कमी भावात दिसला तर नक्कल असण्याची शक्यता धरून चालावं. सात-नऊ होल्डरांचे चकचकीत संच तर टाळावेतच. त्यातले दोन कामाचे असतात, बाकीचे संख्या भरायला, आणि सोबतचे इन्सर्ट कुठल्या ग्रेडचे हे खोक्यावर लिहिलेलंच नसतं. त्याऐवजी एक उजवा बाहेरचा होल्डर आणि एक बोरिंग बार घ्यावा, दोन्ही एकाच जातीचा इन्सर्ट घेणारे, म्हणजे इन्सर्टचा एकच डबा दोघांना पुरतो.

ताठपणा विकत घ्यावा

धारेनंतरचा खर्च ताठपणावर. टूल पोस्टबाहेर निघालेली लांबी दुप्पट केली की तेवढ्याच दाबाला टूल आठपट वाकतं. बोरिंग बारचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो, म्हणून दहाऐवजी बारा मिलिमीटरचा बार दुप्पट ताठ असतो. भोकात मावेल तेवढा जाड आणि कामाला पुरेल तेवढाच बाहेर, हा नियम पैसे न खर्चता निम्मी थरथर घालवतो. पोलादी बार व्यासाच्या चारपटीपेक्षा जास्त बाहेर काढू नये.

क्विक चेंज टूल पोस्ट ही मात्र लवकर करावी अशी खरेदी. जुन्या चौकोनी पोस्टमध्ये टूल सेंटरवर आणायला खाली पत्र्याचे तुकडे सारावे लागतात. प्रत्येक बिटाला वेगळे, आणि ते हरवतातही. क्विक चेंजमध्ये प्रत्येक होल्डरची उंची एकदा लावून ठेवता येते. लेथच्या आकाराचाच पोस्ट घ्यावा, मोठा घेऊन खाली कापाकापी करू नये. होल्डर पोस्टवर घट्ट केल्यावर हातानं हलवून पाहावा. जरा जरी झुलला तर परत करावा. टूल सेंटरवर आहे का हे बघायला पातळ पोलादी पट्टी बार आणि टूलचं टोक यांच्यात अलगद दाबावी. पट्टी सरळ उभी राहिली तर टूल बरोबर. वरचं टोक आपल्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर आहे.

पार्टिंग टूल हे नवख्याचं सर्वांत मोठं दुःस्वप्न. पातळ पातं चक्क कामात रुततं आणि मोडतं. त्याचा बहुतेक दोष पात्यात नसून सेंटर चुकणं, पातं तिरकं लागणं आणि सॅडल ढिली असणं यांत असतो. दीड-दोन मिलिमीटर रुंदीचं चांगलं पातं एकच घ्यावं, चकाच्या शक्य तितकं जवळ कापावं, तेल सढळ हातानं घालावं.

नागदेवी ते जुना बाजार

मुंबईत अशी खरेदी म्हणजे नागदेवी स्ट्रीट. क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या अरुंद गल्ल्यांतून हातगाड्या चुकवत गेलं की टॅप, ड्रिल, चक, व्हाइस, गेज यांनी भरलेली दुकानं लागतात. काउंटरपलीकडून पहिला प्रश्न येतो तो कुठल्या मशीनवर लावणार आणि कशाचं काम आहे, हा. कारखान्याचा खरेदी विभाग यादी घेऊन येतो, हौशी माणूस शंका घेऊन येतो. म्हणून घरून निघण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात: टूल पोस्टची खाच किती, सेंटरची उंची किती, टेलस्टॉकचा मोर्स टेपर कितीचा, मोटर किती वॅटची. या कागदानं अर्धी चुकीची खरेदी टळते.

पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात नशिबाचा भाग मोठा. न वापरलेली एचएसएस बिटं, जुने रीमर, मोर्स टेपरचे ड्रिल मिळतात; टेपरवर ओरखडे, गंज, ठोकल्याच्या खुणा असतील तर घेऊ नये. उद्यमनगरांतल्या सीएनसी शेडमधून वापरलेले कार्बाइड इन्सर्ट किलोच्या भावानं भंगारात जातात, कारण त्यातलं टंगस्टन परत काढता येतं. ओळखीनं त्यातली मूठभर चाळायला मिळाली तर धार शाबूत असलेले कोपरे सापडतात.

पकडणाऱ्या आणि मोजणाऱ्या वस्तूंत काटकसर करू नये. स्वस्त ड्रिल चकमध्ये ड्रिल वाकडं धरलं जातं आणि भोक भलतीकडे जातं. फिरत्या सेंटरपेक्षा चांगलं स्थिर सेंटर, टोकाला ग्रीस लावून, स्वस्तही पडतं आणि हलक्या कामात अचूकही. ०.०२ मिलिमीटर दाखवणारा व्हर्नियर, शून्य ते २५ चा मायक्रोमीटर आणि मॅग्नेटिक स्टँडवरचा एक डायल गेज एवढी मापाची शिदोरी पुरते. डायल गेजसाठी पुण्याचंच बेकर हे नाव वर्कशॉपमध्ये सर्वांना माहीत आहे. जपानी मितुतोयोचे कॅलिपर उत्तम, पण त्यांच्या नकलाही सर्वत्र फिरतात, म्हणून बिल देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावेत. टॅपला फोर्ब्सचा टोटेम जुना आणि भरवशाचा. मोडलेला स्वस्त टॅप कामातून काढण्यात जो दिवस जातो, त्यापेक्षा चांगला टॅप स्वस्त.

खर्चाचा क्रम मग असा लागतो. आधी एचएसएस बिटं, ग्राइंडर, गॉगल आणि मापाची साधनं. मग क्विक चेंज पोस्ट आणि चांगला ड्रिल चक. त्यानंतर एक बोरिंग बार, एक पार्टिंग पातं. चार जॉचा चक, नर्लिंग आणि थ्रेडिंगची टूल्स ज्या दिवशी काम अडेल त्या दिवशी. कार्बाइडचा होल्डर यानंतर. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यानं पावसाळ्याआधी प्रत्येक वस्तू तेलाच्या कागदात गुंडाळावी, एवढी भर.

कारखान्यात टूल म्हणजे वेळ वाचवण्याचं साधन असतं, म्हणून तिथे महाग इन्सर्ट एका पाळीत वसूल होतो. घरच्या लेथवर वेळ फुकट असतो. तिथे ज्या टूलला आपण स्वतः परत धार लावू शकतो, त्यावर घातलेला रुपया कित्येक वर्षं वसूल होत राहतो. मोठी खरेदी करण्याआधी सहा महिने एचएसएसच्या पाच बिटांवर काढावेत. त्या काळात जे काम जमलं नाही, त्याची यादीच पुढच्या खरेदीची यादी.